आधी कोण बोललं

“थांब. हा फटका कुणीतरी बघायला हवा,” निनाद सरपोतदार म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

क्यूच्या काठीला खडू लावता लावता भरतेश मगदूम थांबला. पुण्यातल्या एका क्लबचा वरचा हॉल, पूलची दोन टेबलं आणि पंच मात्र एकच. तो पलीकडच्या टेबलावरच्या सामन्यात अडकला होता, म्हणून या टेबलावर एकमेकांच्या शब्दावर खेळ चालला होता. पंच नसला आणि वादाचा फटका आला, की समोरच्यानं खेळणाऱ्याला थांबवायचं आणि तिसऱ्या माणसाला टेबलाशी उभं करायचं, अशी पूलमध्ये रीत आहे. तो सांगेल ते दोघांनी मुकाट्यानं ऐकायचं.

फटका वादाचाच होता. टेबलावर सात, आठ आणि नऊ नंबरचे बॉल उरले होते. क्यूनं मारायच्या पांढऱ्या बॉलनं आधी सगळ्यात लहान आकड्याला, म्हणजे सातालाच लागायला हवं होतं, आणि निनादनं पांढरा नेमका आठाच्या पाठीमागे नेऊन दडवला होता. सरळ वाट नाही, टेबलाच्या कडेच्या कुशनवरून फिरवून न्यायलाही जागा नाही. आठाच्या डोक्यावरून पांढरा उडवून पलीकडे साताला मारायचं, एवढंच हातात होतं. त्याला जंप म्हणतात. उडताना आठाला केसभर धक्का लागला तरी फाउल. मग पांढरा निनादच्या हातात जाणार, तो हवा तिथं ठेवणार, आणि निनादसारख्याला एवढं मिळालं म्हणजे वाढलेल्या ताटावर बसायचंच बाकी. दोघांचे डाव सारखे झालेले. हा शेवटचा. जिंकेल तो महाराष्ट्राच्या संघातल्या उरलेल्या एका जागेवर.

“कुणाला बोलावू?” निनादनं आजूबाजूला पाहिलं.

“अंत्याला बघू दे,” भरतेश म्हणाला.

अंत्या म्हणजे मी, अनंत हावळ. भिंतीला टेकून उभा होतो. सकाळीच हरून मोकळा झालो होतो.

“अरे, तो तुझा गाववाला आहे,” निनाद म्हणाला.

“मग काय झालं? जंपमधलं त्याच्याएवढं हितं कुणाला कळतंय सांग.”

निनादनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हसला. “ठीक आहे. बघू या तुमची इचलकरंजी किती खरी आहे ते.”

भोवतीची माणसंही हसली. मीही हसलो. पण ते वाक्य कुसळासारखं आत जाऊन बसलं, आणि पुढं जे झालं त्यात त्या कुसळाचा वाटा मोठा होता.

भरतेश म्हणाला ते मात्र खरं होतं. जंप हे आम्हा दोघांचं घरचं पक्वान्न होतं. इचलकरंजीला सुताच्या दुकानाच्या माळ्यावर शकुंतलाकाकींचं पूल पार्लर होतं, तिथं आम्ही वाढलो. काका वारले, त्यांच्या मागं काकींनी ते चालवलं. स्वतः कधी क्यू हातात धरला नाही, पण काउंटरवर मटार सोलत बसल्या तरी टेबलावर काय चाललंय ते सगळं त्यांना दिसायचं. टेबलाचं कापड जुनं. नवीन परवडत नव्हतं, म्हणून काकींनी ते एका कोष्ट्याकडून जागोजागी रफू करून घेतलेलं. अख्ख्या देशाला कापड पुरवणारं आमचं गाव, आणि आमच्या टेबलाच्या अंगावर ठिगळं! सरळ जाणारा बॉल रफूवर आला की नाक मुरडून भलतीकडं जायचा. म्हणून आम्ही रफूच्या वरून बॉल उडवून न्यायला शिकलो. मोडका क्यू कापून आखूड केला आणि त्याच्या टोकाला, मागावर धोट्याला ठोका देणाऱ्या पिकरचा टणक तुकडा घासून बसवला. क्यू मागून वर उचलायचा, भाल्यासारखा धरायचा आणि पांढऱ्याला वरून खाली ठोका द्यायचा. खालून उचकटायला गेलास तर फाउल. बॉल कापडावर आपटतो आणि आपणहून उडतो. लोकांना ती जादू वाटते. आम्हाला रफू वाटायचं.

खेळ आम्हाला कुणी शिकवला नाही, पण रीत काकींनी शिकवली. आपल्या हातून चूक झाली की डावा हात वर करायचा आणि मोठ्यानं सांगायचं. दुसरा बघायला उभा असेल तर त्यानं आधी खेळणाऱ्याकडं बघायचं. तो हात उचलतोय का, तोंड उघडतोय का, त्याला तेवढा श्वास घेऊ द्यायचा. तो गप्पच राहिला तर मग आपण बोलायचं. “चूक ज्याची, तोंड त्याचं,” काकी म्हणायच्या. “कुनाच्या तोंडातलं खरं काढून घ्यायचं न्हाई. आनि टेबलावर खोटं बोलला त्याचा चहा बंद.” चहा त्या खरोखर बंद करायच्या. भरतेशचा एकदा आठवडाभर बंद होता, माझा त्याहून जास्त.

पुण्यात ही रीत कुणाला ठाऊक नव्हती. त्या हॉलमध्ये ती फक्त दोघांना ठाऊक होती, आणि ते दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे होते.

मी पुढं झालो. आठाच्या अगदी बाजूला, गुडघे वाकवून, डोळे बॉलच्या उंचीला आणले. आठाचा आकडा नेमका माझ्या बाजूला होता, काळ्यावर पांढऱ्या गोलात, सरळ माझ्याकडं तोंड करून. मागून वेलदोड्याचा वास आला. न बघताच कळलं, कानिटकर साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिलेत.

कानिटकर साहेब एका सरकारी कंपनीत खेळाडूंच्या भरतीचं काम बघायचे आणि सारखा वेलदोडा चघळायचे. त्या वर्षी त्यांच्याकडं पूलसाठी एक जागा होती. आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, “मी आधी संघातली मुलं बघेन. पण नुसता खेळ नाही बघत मी, माणूस बघतो.” संघात निवडल्या गेलेल्या बाकीच्यांना नोकरीची पडलेली नव्हती. एक व्यापाऱ्याचा मुलगा, एक बँकेत आधीच चिकटलेला, तिसरा परदेशी निघालेला. निनादच्या वडिलांचा तर कारखानाच होता. म्हणजे भरतेश संघात आला की ती जागा त्याची, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आणि त्याला ती हवी होती. माझ्यापेक्षा जास्त हवी होती, हे मी तेव्हाही मान्य केलं असतं. त्याच्या वडिलांचे माग भंगारात गेले होते. खेळाडूंच्या जागेसाठी वयाची अट असते, त्याचं ते शेवटचं वर्ष. आणि हुपरीची त्रिशला. दोघांचं जमलेलं होतं, दोन्ही घरांना माहीत होतं. तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, “पोरगी देतो मगदुमांच्या घरात, खरं आधी नोकरी दाखवा.” पुण्याला निघताना भरतेशनं नवा शर्ट घेतला होता. एस.टी.त बसल्यावर मला म्हणाला, “लगा, ह्या शर्टावर जमलं तर मग लग्नात घालायला हाईच.” आणि स्वतःच हसला होता.

आता तोच शर्ट घालून तो टेबलावर वाकला. आखूड क्यू उचलला. डाव्या हाताची बोटं कापडावर रोवली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

टक-टक. पहिला ठोका क्यूचा, दुसरा कापडाचा. पांढरा आठाच्या डोक्यावरून गेला. कुणीही नवखा असता तर त्याच्यामागं बघत राहिला असता, तो फटका होताच तसा. मी बघितलं नाही. मी आठावर नजर लावून बसलो होतो. पलीकडं सात भोकात पडल्याचा आवाज आला, टाळ्या सुरू झाल्या, पण त्याआधीच, पांढरा वरून जाताना, माझ्यासमोरचा आठाचा आकडा जरासा कलला होता. एखाद्यानं मान तिरकी करावी एवढाच.

“हलला,” मी म्हणालो. “आठ हलला. फाउल.”

मी हे मोठ्यानं म्हणालो. गरजेपेक्षा मोठ्यानं.

टाळ्या मधेच थांबल्या. भरतेश सरळ उभा राहिला. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसानं ओळख न दाखवता पुढं जावं, तेव्हा आपण बघतो तसं.

“व्हय,” तो म्हणाला. “हलला.”

निनादनं पांढरा उचलला, मनाजोगत्या जागी ठेवला, आठ घातला, नऊ घातला. संपलं. भरतेशनं त्याचा हात हातात घेतला, पाठ थोपटली. निनाद माझ्याकडं वळून म्हणाला, “मानलं बाबा तुला. मला तर काहीच दिसलं नव्हतं. मघाशी बोललो त्याबद्दल सॉरी.”

मला बरं वाटलं. आता लाज वाटते, पण तेव्हा छाती फुगली होती हे खोटं कशाला सांगू? इचलकरंजी खरी निघाली होती, आणि ती माझ्या तोंडून खरी निघाली होती.

जिन्यात कानिटकर साहेबांनी गाठलं. खांद्यावर हात ठेवला.

“जिवलग मित्र ना तो तुझा?”

“हो, साहेब.”

“आणि तरी बोललास. क्षणाचाही विचार न करता.” त्यांनी खिशातून कार्ड काढलं. “आमच्या स्टोअर्सला असाच माणूस हवाय. तिथं खेळापेक्षा हे जास्त लागतं. सोमवारी येऊन भेट.”

“साहेब, भरतेशचं काय?” मी विचारलं. विचारलं एवढं नक्की.

“मुलगा गुणी आहे. खेळतो तर तुझ्यापेक्षा चांगला.” साहेबांनी वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “पण त्यानं स्वतःहून सांगायला हवं होतं, नाही का? ते त्यानं सांगितलं असतं ना, तर हरला असता तरी मी त्यालाच घेतलं असतं.”

मी मान डोलावली आणि कार्ड खिशात टाकलं.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी शेजारी बसलो. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा भरतेश उतरून कंदी पेढे घेऊन आला. घरी न्यायचे म्हणून निघतानाच ठरवलेले, आता घेतलेच. कऱ्हाड गेल्यावर त्यानंच विचारलं, “सायेब काय म्हनले?”

“भेटायला बोलवलंय. सोमवारी.”

“मग जा की.”

“तुला राग न्हाई आला?”

“बॉल हलला का न्हाई?”

“हलला.”

“मग राग कशाचा?” त्यानं खिडकीला डोकं टेकलं. मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडताच म्हणाला, “खरं येवढी घाई कशाला केलास, अंत्या?”

“कसली घाई?” मी म्हणालो.

त्यावर तो पुन्हा बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही.

कसली घाई ते मला चांगलं ठाऊक होतं. आठाचा आकडा कलला तेव्हा माझी नजर आठावर होती हे खरं, पण माणसाला नुसतं समोरचंच दिसत नाही. नजरेच्या कडेला कापडावर भरतेशचा डावा हात होता. आकडा कलला आणि तो हात कापडावरून सुटला. बोटं आधी, मग तळवा. हात वर यायला लागला होता. भरतेशला क्यूतच कळलं होतं, त्याला कळणारच. काकींच्या पार्लरमध्ये तो हात मी शेकडो वेळा वर येताना बघितला होता, तो कशासाठी उठतो ते मला ठाऊक होतं. फक्त एक श्वास थांबायचं होतं. पण मागून वेलदोड्याचा वास येत होता, निनादचं ते वाक्य आत टोचत होतं, आणि खरेपणाचा मान भरतेश घेऊन जाईल, मी नुसताच गुडघे वाकवून उभा राहीन, असं त्या निमिषात माझ्या मनात आलं. मी आधी बोललो. त्याचा हात अर्ध्यावरून खाली गेला. नियमानं मी काहीही चुकलो नव्हतो. कुठल्याही पुस्तकात बघा.

सोमवारी मी कंपनीत गेलो. महिन्याभरात कागद आला. आज वीसेक वर्षं मी त्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहे, आणि सचोटीचा माणूस म्हणून साहेब लोक मला मानतात.

गावात मात्र तेव्हा दुसरीच गोष्ट आमच्या आधी पोचली होती. पूल खेळणाऱ्यांचं गाव लहान असतं. भरतेश मगदूम पुण्यात बॉल हलवून गप्प बसला होता, त्याच्या दोस्तानंच पकडला, असं सांगली-मिरजेपर्यंत झालं. हुपरीला ते कुणी नेलं कळलं नाही. तिथून निरोप आला, वर्ष चांगलं नाही, सध्या थांबू या. तसल्या निरोपाचा अर्थ आमच्याकडं सगळ्यांना कळतो. भरतेश सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगमध्ये पाळीवर लागला.

नोकरीचा कागद आला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन काकींकडं गेलो. भरतेश तिथंच होता, एकटाच रफूवरून बॉल उडवत. काउंटरमागं स्टोव्हवर दूध तापत होतं. मी पुडा पुढं केला.

“कशाचं रं?” काकींनी विचारलं.

“नोकरी लागली, काकी.”

“ब्येस झालं.” त्यांनी पेढा उचलला, पण तोंडात टाकला नाही. हातातच धरून ठेवला. “पुन्यात फाउल झाला म्हनं. लोक काय काय सांगत्यात. आमच्या टेबलावरली पोरं अशी न्हाईत, म्हनून मी कुनाचं ऐकलं न्हाई. आता तुमास्नी इचारते. आधी कोन बोललं?”

टेबलावरचा टक-टक आवाज थांबला.

तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं देव जाणे. पण उघडावं लागलंच नाही.

“मी बोललो, काकी,” भरतेश म्हणाला. क्यू टेबलावर आडवा ठेवून तो काउंटरपाशी आला. “हात वर केलो, सांगितलो. आठ हलला म्हनून. मग हा बोलला.”

तो माझ्याकडं बघत नव्हता. मला तेव्हाच कळलं की तो स्वतःची अब्रू वाचवायला बोलत नव्हता. स्वतःची वाचवायची असती तर खरं सांगून झालं असतं. हात उचलला होता आणि ह्यानं मधे तोंड घातलं, एवढं म्हटलं असतं की त्या माळ्याची पायरी मला कायमची बंद झाली असती. तेवढं त्याला माझं होऊ द्यायचं नव्हतं.

काकी माझ्याकडं वळल्या. “अंत्या, बघायला तू हुतास न्हवं? ह्यो म्हनतोय ते खरं?”

परत मीच बघणारा. परत माझ्याच तोंडाकडं सगळं आलेलं. या वेळी मी चांगला श्वासभर थांबलो. खरं सांगायला तेवढी जागा मला कुणीतरी दिली होती, आणि मी ती जागा वापरली नाही.

“व्हय, काकी,” मी म्हणालो. “त्यानं आधी हात वर केला. मग मी बोललो.”

काकींनी माझ्याकडं बघितलं, भरतेशकडं बघितलं, परत माझ्याकडं. हातातला पेढा त्यांनी पुड्यात परत ठेवला, होता त्याच जागी. स्टोव्हवर दूध वर आलं होतं, साय धरून, पिवळसर, घट्ट, कुठंही न फाटलेलं. त्यांनी आच बारीक केली आणि पातेल्यावर ताटली झाकली.

“दूध नासलंय आज,” त्या म्हणाल्या. “चहा न्हाई.”

आणि मटाराची पाटी ओढून घेऊन शेंगा सोलायला लागल्या.

भरतेशनं पुड्यातून दोन पेढे उचलले. एक स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा माझ्या हातावर ठेवला.

“खा की लगा,” तो म्हणाला. “तुझ्या नोकरीचा हाय.”